अ‍ॅक्रिलिक, जेल की नुसत्या टिप्स? नखं लावण्याआधी काढण्याचं बोलू

शनिवारी दुपारी खुर्चीत बसणारी दर दुसरी मुलगी मोबाइल पुढे करते. "ताई, सेम असंच." फोटोत बदामी आकाराची, दुधी रंगाची, काचेसारखी चकाकणारी नखं. मी विचारते, "अ‍ॅक्रिलिक करायचीत की जेल?" उत्तर ठरलेलं असतं: "जी चांगली असतील ती."

खरं म्हणजे फोटो बघून मलाही सांगता येत नाही. वर टॉप कोट, म्हणजे शेवटचा थर, बसला की अ‍ॅक्रिलिक, हार्ड जेल, पॉलिजेल, सॉफ्ट जेल टिप, सगळी सारखीच दिसतात. पहिल्या दिवशी सगळीच सुंदर. फरक पडायला लागतो तो एकविसाव्या दिवशी, मुळाशी नवं नख डोकावलं की. आणि खरा कळतो तो काढायच्या दिवशी. डोंबिवलीत सहा वर्षं हे काम करतेय. नवी नखं बसवण्याइतकाच वेळ दुसरीकडे बसवलेली उतरवण्यात गेला असेल. म्हणून माझी तुलना शेपटाकडून सुरू होते. दिसेल कसं ते नंतर बघू, आधी हे उतरणार कसं?

रेट कार्डावरचा 'परमनंट'

आपल्याकडच्या बहुतेक रेट कार्डांवर दोनच शब्द असतात, टेम्पररी आणि परमनंट. टेम्पररी म्हणजे ग्लूने चिकटवलेल्या टिप्स आणि परमनंट म्हणजे उरलेलं सगळं. त्यातलं परमनंट काहीच नसतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं आणि मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहाएक महिने लागतात. वर काहीही बसवा, ते नखाबरोबर पुढे सरकणारच.

आणि नुसती मुळाशी फट दिसते एवढंच नाही. एक्स्टेन्शन, म्हणजे नखाची लांबी वाढवण्याचं काम, करताना आम्ही नखाच्या मधोमध, जिथे जोर येतो तिथे मुद्दाम थोडी जाडी ठेवतो. त्या उंचवट्याला अ‍ॅपेक्स म्हणतात. तीन आठवड्यांत हा उंचवटा दोनेक मिलिमीटर टोकाकडे गेलेला असतो. नख पुढे जड आणि मागे पातळ. मग स्कूटीची डिकी उघडताना किंवा लोकलच्या दांड्याला हात घालताना ते नेमकं मागून तुटतं. दोन-तीन आठवड्यांनी रिफिलला, म्हणजे मुळाशी उघडं पडलेलं नख भरून घ्यायला या, असं पार्लरवाली म्हणते ते दर वेळी गल्ला भरायलाच म्हणते असं नाही.

अ‍ॅक्रिलिक

यात दोन गोष्टी. एक पातळ लिक्विड, त्याला मोनोमर म्हणतात, आणि दुसरी पावडर. ब्रश लिक्विडमध्ये बुडवायचा, वाटीच्या काठावर एका बाजूने निथळायचा आणि टोक पावडरला नुसतं टेकवायचं. टोकाशी भिजलेल्या साबुदाण्याएवढा ओला मणी धरतो. तो नखावर ठेवला की हातात जेमतेम मिनिटभर असतं. तेवढ्यात तो दाबून मुळाशी पातळ, मध्ये जाड आणि टोकाला परत पातळ करायचा. मणी फार ओला झाला तर कातडीवर ओघळतो, कोरडा झाला तर ढेकळासारखा बसतो. हळूहळू त्याची चमक उतरते. पाच-सात मिनिटांनी मी ब्रशच्या दांड्याने ठोकून बघते. 'टक्' असा कोरडा, प्लास्टिकचा आवाज आला की फाइल हातात घ्यायची. जेलसारखा यूव्ही दिवा लागत नाही, हवेतच घट्ट होतं. हवामानाचे नखरे मात्र असतात. मे महिन्यात एसी बंद पडला की मणी ब्रशवरच आळायला लागतो आणि एसी फार गार असला की बराच वेळ मऊच राहतो.

हा धंदा मुळात दातांच्या डॉक्टरांकडून आलाय, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अमेरिकेतल्या फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याने १९५४ मध्ये स्वतःचं तुटलेलं नख दातासाठीच्या अ‍ॅक्रिलिकने दुरुस्त केलं आणि आधाराला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल वापरली, असा किस्सा आमच्यात सांगतात. दातांचा हा धागा पुढे अ‍ॅलर्जीपाशी परत येणार आहे.

अ‍ॅक्रिलिकची जमेची बाजू म्हणजे ताकद. खूप लांब नखं, टोकाला सपाट कॉफिन किंवा टोकदार स्टिलेटो आकार, वर खडे-मोती, हे सगळं ते पेलतं. एक नख तुटलं तर तेवढंच दुरुस्त होतं. उणी बाजू म्हणजे वास. खुर्चीतल्या बाईला तो येतोच, पण शेजारच्या गाळ्यातल्या शिंप्यालाही येतो. ते ताठही असतं, वाकत नाही. कुठे जोरात आपटलं तर धक्का सरळ खालच्या खऱ्या नखाला बसतो.

काढायला मात्र सरळ. वरचा थर फाइलने घासायचा, असिटोनमध्ये (नेलपॉलिश रिमूव्हरमधलं द्रावण) भिजवलेला कापूस ठेवून बोट फॉइलमध्ये गुंडाळायचं आणि वीस ते तीस मिनिटं गप्पा मारायच्या. फॉइल उघडली की वरचं अ‍ॅक्रिलिक पिठल्यासारखं मऊ झालेलं असतं आणि लाकडी काडीने नुसतं ढकललं की सरकतं. नाही सरकलं तर परत गुंडाळायचं. खरवडायचं नाही.

निदान असं व्हायला हवं. दोन वर्षांपूर्वी एक कॉलेजची मुलगी आली. कुठल्याशा सेलमध्ये फार स्वस्तात नखं केली होती. मी नेहमीसारखी फॉइल बांधली. अर्ध्या तासाने उघडली तर नख जसंच्या तसं. पुन्हा बांधली. पाऊण तास झाला तरी कडा जेमतेम चिकट झाल्या होत्या. शेवटी दोन बैठकांत मशीनने अगदी हळू घासत उतरवली. तोवर अंगठ्याचं खरं नख मधूनच चिरलेलं निघालं. हे कशाचं लक्षण आहे ते आमच्या लाइनमध्ये लगेच ओळखतात. चांगल्या लिक्विडमध्ये ईएमए, म्हणजे इथाइल मेथाक्रिलेट असतं. स्वस्तातल्या मालात त्याऐवजी एमएमए, मिथाइल मेथाक्रिलेट घालतात. ते इतकं कडक बसतं की दणका बसला तर वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि खालचं नख फाटतं. असिटोनला ते दाद देत नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकातच नखं विद्रूप झाल्याच्या तक्रारी आल्यावर तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, शंभर टक्के एमएमए असलेल्या मालावर कारवाई केली होती. तुम्हाला दुकानात ते ओळखायचं तर वास नेहमीपेक्षा उग्र आणि वेगळा येतो, फाइल चालता चालत नाही आणि बाटलीचं लेबल दाखवा म्हटलं की विषय बदलतो. अ‍ॅक्रिलिकचा भाव आसपासच्या निम्म्यावर दिसला तर मी तरी उठून येईन.

जेल, म्हणजे नेमकं कुठलं?

"जेल केलंय" या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. जेल पॉलिश हा नुसता रंग. त्याने लांबी वाढत नाही. हार्ड जेलने लांबी वाढते, पण ते असिटोनमध्ये विरघळत नाही. सॉफ्ट जेल विरघळतं. बुकिंग करताना "सोक-ऑफ (भिजवून उतरणारं) आहे की हार्ड?" एवढं विचारलंत तरी निम्मं काम झालं.

हार्ड जेल काकवीसारखं दाट असतं. नखाखाली कागदी फॉर्म लावून त्यावर ते ओढायचं आणि हात दिव्यात घालायचा. दर थराला तीस ते साठ सेकंद. वास जवळजवळ नाही, काचेसारखं पारदर्शक, अ‍ॅक्रिलिकपेक्षा थोडं लवचीक आणि बोटाला हलकं. हात दिव्यात असताना एकदम चटका बसू शकतो. बायका दचकतात, पण गडबड काही नसते. जेल घट्ट होताना उष्णता सोडतं आणि थर जाड असला की जास्त सोडतं. हात बाहेर काढायचा, चार-पाच सेकंद थांबून परत घालायचा. संकोचून तसंच सोसत बसू नका. दर थराला चटके बसत असतील तर थर जाड लागताहेत किंवा तुमचं नख आधीच पातळ झालंय, आणि दोन्ही गोष्टी समोरच्या मुलीला कळायला हव्यात.

हार्ड जेलची खरी अट काढताना दिसते. ते फाइलने किंवा ड्रिल मशीननेच उतरतं. शेवटचा पातळ पापुद्रा नखावर राहू द्यायचा, तो वाढत पुढे जाईल तसा कापायचा. हात सराईत असेल तर काहीच बिघडत नाही. सराईत नसेल तर मशीन खऱ्या नखात घुसतं आणि नखावर मुळाशी लाल अर्धगोल रेघ उमटते. हात लावला तरी हुळहुळतं आणि ती खाच वाढून कापली जायला महिने जातात. म्हणून माझा सल्ला साधा आहे. ठरलेली, विश्वासाची नेल टेक, म्हणजे नखं करणारी, असेल आणि दर तीन आठवड्यांनी तिच्याकडेच जाणार असाल तर हार्ड जेल घ्या. पुढच्या महिन्यात लग्न होऊन तुम्ही इंदूरला किंवा दुबईला जाणार असाल, तर तिथे तुमचं हार्ड जेल कोण आणि कसं उतरवेल याचा भरवसा नाही.

पॉलिजेल या दोघांच्या मधलं. ट्यूबमधून गोळी काढायची, ओल्या ब्रशने पसरायची, दिव्यात घट्ट करायची. वास नाही, वजन कमी, करणारीला निवांत वेळ मिळतो. काढताना बहुतेक घासावंच लागतं, म्हणून मी त्याला हार्ड जेलच्याच रांगेत बसवते.

सॉफ्ट जेल टिप ही अलीकडची सोय. अख्ख्या नखाच्या आकाराची तयार टिप असते. तिच्या आत जेल भरून नखावर तिरकी टेकवायची, हवा बाहेर जाईल अशी दाबायची आणि दिव्याखाली धरायची. तासाभरात दहाही बोटं होतात. काढताना अ‍ॅक्रिलिकसारखीच असिटोनमध्ये विरघळते. पहिल्यांदा करणारीला मी बहुतेक वेळा हेच सुचवते, कारण नाहीच आवडलं तर परतीची वाट सोपी आहे. खोट आहे ती मापात. आपल्याकडे बऱ्याच जणींच्या अंगठ्याचं नख रुंद आणि सपाट असतं, टिपा मात्र गोलाकार वळलेल्या येतात. माप अर्ध्या नंबरने लहान बसवलं तर कडांना ताण राहतो, दोन दिवस बोट ठणकतं आणि आठवड्यात बाजूने उचलायला लागतं. प्रत्येक बोटाला टिप कोरडी लावून बघितली जाते की नाही, तेवढं बघा. फार लांबी हवी असेल तर मात्र हिचा नाद सोडा.

ग्लूच्या टिप्स एका समारंभापुरत्या. साखरपुडा, फोटोशूट, नवरात्रातली एक रात्र. पंधरा-वीस मिनिटांत होतात, घरीही लावता येतात. दुहेरी चिकट तुकड्यावर बसवल्या तर दिवसभर आणि ग्लूवर बसवल्या तर आठवडाभर, तोही भांड्यांना हात लावला नाही तर. एक सावधगिरी कुणी सांगत नाही म्हणून सांगते. हा ग्लू सुती कापडावर सांडला की झपाट्याने तापतो, इतका की खालची कातडी भाजू शकते. मांडीवर सुती ओढणी पसरून टिप्स लावू नका.

आता हातांबद्दल

तुम्ही दिवसभर हातांनी काय करता, हे मी रंगाच्या आधी विचारते. पोळ्या लाटायला नखं अडत नाहीत, कणीक मळायला अडतात. भाकरी थापायला तर फारच. तळवा चालतो, पण कड फिरवताना बोटांची टोकं लागतात आणि नखांच्या चंद्रकोरी भाकरीवर उमटतात. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी एक काकू आल्या. सुनेची बघून त्यांनाही हौस आली होती. मी विचारलं, "काकू, मोदक कोण करणार?" त्या म्हणाल्या, "मीच की गं, एकवीस." उकडीच्या पारीला कळ्या पाडायच्या म्हणजे चिमटीचं काम, ते बोटाच्या पेरांनी होतं, नखाने पारी फाटते. त्यांना मी लांबी वाढवलीच नाही. स्वतःच्याच नखावर बिल्डर जेलचा (नखाला बळकटी देणारं दाट जेल) पातळ ओव्हरले, म्हणजे नुसता वरून थर, दिला आणि वर फिकट गुलाबी रंग. तुलनेत हा पर्याय बहुतेकींच्या डोक्यातच नसतो. लांबी नको, फक्त तुटायला नको, असं असेल तर एक्स्टेन्शनची गरजच नाही.

हळदीचं वेगळं. फिक्या रंगाच्या जेलवर, त्यातही मॅट टॉप कोटवर, हळद बसतेच. वरण-भात हाताने कालवणाऱ्या आपल्यासारख्यांची ती अडचण आहे, इंग्रजी व्हिडिओंत तिचा उल्लेख नसतो. घाबरू नका. हळदीचा रंग उन्हात उडतो. दुपारी अर्धा-एक तास खिडकीत हात धरून बसलात की बराच फिका पडतो. फिक्या रंगाच्या ऐवजी गडद मरून किंवा कॉफी घेतलात तर प्रश्नच मिटला.

नर्स किंवा डॉक्टर असाल तर मी नाहीच म्हणते. रुग्णाला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत आणि स्वतःचीही टोकाला अर्ध्या सेंटिमीटरच्या आत ठेवावीत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हात-स्वच्छतेच्या सूचनांतच आहे. ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधी उतरवून जा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला जाड रंगीत नखातून नीट मोजता येईलच असं नाही आणि ऐन वेळी वॉर्डात असिटोन कुणी देत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारीने लांब बदामी नखं केली तर पहिल्या रात्री लेन्स काढताना रडू येतं. घरात तान्हं बाळ असेल तर टोकदार आकार नको, गोल आणि आखूड ठेवा. बाकी टायपिंग, साडीच्या निऱ्या, मंगळसूत्राचा हूक, याची चार-पाच दिवसांत सवय होते. एटीएमच्या फटीतून कार्ड ओढायची होत नाही. त्याला चिमटाच लागतो.

पावसाळ्यात एक नजर कडांवर ठेवा. एक्स्टेन्शन कुठून उचललं गेलं की त्या फटीत पाणी शिरतं, ओल टिकते आणि काही दिवसांनी आतून हिरवट डाग दिसतो. तो स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा रंग असतो. उचललेली कड फेव्हिक्विकने चिकटवणं हा त्याला आत कोंडून ठेवायचा प्रकार झाला. उतरवा, कोरडं ठेवा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. त्यावर नवा थर चढवून डाग झाकून देते म्हणणारी भेटली तर तिच्याकडे परत जाऊ नका. "अधूनमधून नखांना श्वास घेऊ द्या" हे मात्र नुसतंच म्हणायचं. नखाची पट्टी मृत पेशींची असते आणि जे पोषण मिळतं ते मुळाशी, रक्तातून. नख बिघडतं ते गुदमरून नाही, ओरबाडल्यामुळे.

अ‍ॅलर्जी आणि दिवा

दोन्हींबद्दल भीती चुकीच्या गोष्टीची वाटते, असं मला वाटतं. दिव्याची भीती जास्त, अ‍ॅलर्जीची कमी. माझ्या मते उलटं हवं.

अ‍ॅक्रिलिक काय आणि जेल काय, दोन्ही मेथाक्रिलेट-अ‍ॅक्रिलेट घराण्यातली. पूर्ण घट्ट झाल्यावर ती बहुतेक निरुपद्रवी असतात. त्रास देतं ते कच्चं, न वाळलेलं. कातडीला ते परत परत लागत राहिलं की एके दिवशी शरीर बिथरतं. बोटांच्या टोकांना खाज, नखाभोवती पापुद्रे, कधी पापण्यांवर सूज, कारण हात डोळ्यांना लागतो. एकदा अशी अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते. आणि इथे दातांचा धागा परत येतो. जेलमधलं हेमा नावाचं रसायन दाताच्या सिमेंटमध्ये आणि फिलिंगच्या मालातही वापरतात. नखांपायी जडलेली अ‍ॅलर्जी उद्या दातांच्या खुर्चीत अडचण करू शकते. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. युरोपीय संघात २०२१ पासून हेमा असलेल्या नखांच्या मालावर 'फक्त व्यावसायिक वापरासाठी' असं छापावं लागतं. घरी ऑनलाइन किट मागवून, कुठल्याही दिव्यात, कातडीवर जेल सांडत केलेली नखं मला सलूनच्या कुठल्याही पर्यायापेक्षा जास्त धोक्याची वाटतात ती यामुळे. दिवा आणि जेल एकमेकांना जुळणारे नसतील तर वरून कडक दिसणारं नख आतून कच्चं राहतं.

दिव्याबद्दल बोलायचं तर जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या पेशींवर नखांचा यूव्ही दिवा सलग वीस मिनिटं धरला आणि त्यातल्या २० ते ३० टक्के पेशी मेल्या. बातमी सगळीकडे फिरली. पण त्या बशीतल्या पेशी होत्या, वर कातडी नव्हती, आणि आपला हात एका वेळी मिनिटभर आत असतो. तरी काळजी घेणं सोपं आहे. बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे घाला किंवा सनस्क्रीन लावा. सनस्क्रीन घरूनच लावून या, अर्धा तास आधी, हाताच्या मागच्या बाजूला. खुर्चीत बसून लावलंत तर तेलकटपणा नखावर येतो आणि माझी सगळी तयारी पुसली जाते. दिवा नकोच असेल तर अ‍ॅक्रिलिक आहेच.

युरोपात राहणाऱ्या मैत्रिणी हल्ली 'टीपीओ'बद्दल विचारतात. जेल दिव्यात घट्ट व्हावं म्हणून त्यात घालायचं हे एक रसायन. प्राण्यांवरच्या चाचण्यांत प्रजननावर परिणाम दिसल्याने युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. त्याच्याशिवाय बनवलेली जेलं मिळतात. मी माझा साठा संपेल तसा बदलत आणलाय. तुमच्या सलूनमध्ये बाटली बघायला मागितलीत तर त्यात वावगं काही नाही.

पैशांचं गणित

दर भागाभागाप्रमाणे बदलतात, म्हणून माझेच सांगते, नेल आर्ट सोडून. सॉफ्ट जेल टिप्स १४०० रुपये, उतरवायचे ३००. अ‍ॅक्रिलिक १६००, रिफिल ९००, उतरवायचे ४००. हार्ड जेल अ‍ॅक्रिलिकपेक्षा थोडं वर.

एकदाच करायचं तर सॉफ्ट जेलचे १७०० आणि अ‍ॅक्रिलिकचे २०००. सॉफ्ट जेल स्वस्त. पण सहा महिने सलग ठेवायची तर चित्र उलटं. अ‍ॅक्रिलिकला सुरुवातीचे १६००, दर तीन आठवड्यांनी एक अशी आठ रिफिल म्हणजे ७२००, शेवटी ४००. झाले ९२००. सॉफ्ट जेल टिप्स मी रिफिल करत नाही, उतरवून नव्या लावते. नऊ वेळा १७०० म्हणजे १५,३००. महिनोन्‌महिने लांब नखं ठेवणारीला अ‍ॅक्रिलिक किंवा हार्ड जेल परवडतं आणि वर्षातून दोनदा हौस करणारीला सॉफ्ट जेल. आणि पहिल्या दिवसाच्या बिलात उतरवायचे पैसे धरलेत का, ते विचारायला विसरू नका. ते वाचवायला म्हणूनच बायका घरी दाताने ओढून काढतात. प्लास्टिकबरोबर खऱ्या नखाचे वरचे थर सोलून येतात, कांद्याच्या पातीसारखे, आणि मग गरम चहाचा कप धरला तरी बोट चुरचुरतं.

नवरीसाठी

मेंदीच्या आधी नखं, मेंदीच्या नंतर नाही. मेंदीला लावलेलं निलगिरीचं तेल आणि लिंबू-साखर नखाभोवती राहिलं की माझं काहीच धड चिकटत नाही, शिवाय घासण्याने, पुसण्याने बोटांवरचा रंग फिका होतो. मेंदीचा रंग केराटिनला पकडतो, म्हणजे कातडीला आणि खऱ्या नखाला. जेलवर पडली तर लगेच पुसायची. नखं लग्नाच्या तीन-चार दिवस आधी करा, म्हणजे एखादं उचललं गेलं तर दुरुस्तीला वेळ मिळतो. हळदीच्या डागाचं वर सांगितलंच आहे. आणि आयुष्यात पहिल्यांदा नखं लग्नाच्याच आठवड्यात करू नका. महिनाभर आधी एकदा करून बघा. अ‍ॅलर्जी व्हायची असेल तर ती साखरपुड्याच्या फोटोत कळलेली बरी.

खुर्चीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं बघा. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, ढकलतेय की कापत सुटलीय? फाइल नवीन आहे का? धातूची हत्यारं कुठून निघाली, निर्जंतुक करून बंद ठेवलेल्या पाकिटातून की आधीच्या बाईच्या हातावरून? नखाची चमक काढण्यापुरतं हलकं घासणं पुरतं. चरचर आवाज येऊन पांढऱ्या पिठाचा ढीग पडायला लागला तर हात मागे घ्या. तोंडदेखलं हसून बसायची ही जागा नाही.

परवा ती फोटोवाली मुलगी शेवटी सॉफ्ट जेलवर तयार झाली. बँकेत लागलीय, पुढच्या महिन्यात मावसबहिणीचं लग्न. लांबी तिने मधली घेतली, नोटा मोजून बघितल्या, मोबाइलवर दोन ओळी टाइप करून बघितल्या, मग मान डोलावली. माझ्या वहीत तिच्या नावापुढे दोन तारखा लिहिल्यात. एक बसवायची, दुसरी त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांची, उतरवायची. दुसरी लिहिताना ती म्हणाली, "ताई, आत्ताच कशाला?" मी तिच्याकडून तीनशे रुपये आगाऊ घेतले आणि पावती दिली.